केसपेपरवर दारू लिहू नका

नवऱ्याला दारूसाठी गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखल केलं, आठवड्याने तो ताजातवाना होऊन घरी आला, बायकोने देवाला नारळ ठेवला. दोन महिन्यांनी तो पुन्हा बारमध्ये. ‘औषध लागू पडलं नाही,’ असं सगळे म्हणतात. खरं तर त्या आठवड्यात फक्त शरीरातून दारू उतरवली जाते. रोजच्या दारूने दबलेला मेंदू आपली उत्तेजना वाढवून तोल सांभाळत असतो. दारू अचानक तुटली की ती उत्तेजना मोकाट सुटते. हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम. यातून जीव वाचवायला इस्पितळ हवंच. पण पिण्याची ओढ त्यानंतरही महिनोन्‌महिने टिकते. तिच्यासाठी नाल्ट्रेक्सोनसारख्या गोळ्या आहेत आणि समुपदेशन आहे.

समुपदेशनाचा पुरावा तर गोव्यातलाच आहे. ‘संगथ’ संस्थेने इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. हे पुरुष घातक प्रमाणात पिणारे, पण पूर्ण आहारी न गेलेले. त्यांच्याशी बोलणारे ना डॉक्टर ना मानसशास्त्रज्ञ. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं, आणि भेटी फार तर चार. तीन महिन्यांनी विचारलं, तेव्हा आधीच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के निघाले. समुपदेशन न मिळालेल्या गटात १८ टक्के.

आता विमा बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकंच विमा संरक्षण द्यायला सांगितलं, आणि त्याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही धरले. तरी बहुतेक पॉलिसींत वगळलेल्या बाबींमध्ये बाराव्या कोडखाली दारूचं व्यसन ‘आणि त्याचे परिणाम’ असतातच. शिवाय साध्या पॉलिसीला २४ तासांची भरती लागते. चार भेटींत खाट कुठून आणायची? सरकारी केंद्रात फुकट मिळतं हे आपलं नशीब.

पॉलिसीतल्या दारू वगळणाऱ्या त्या कलमाचा आणखी एक परिणाम मला जास्त खुपतो. क्लेम अडेल या भीतीने घरचे डॉक्टरांना हळूच सांगतात, ‘केसपेपरवर दारूचं लिहू नका’, किंवा सांगतच नाहीत. मग हर्नियाच्या साध्या ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री पेशंट बरळायला लागतो, सलाईन उपटतो, आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला कारण शोधत बसावं लागतं.