कोकणातल्या रस्त्यावर बटन टायर

दोडामार्ग तालुक्यात तिलारीच्या बाजूला गेलात तर रबराच्या बागा लागतात. खोडाला तिरकी खाच, खाली अडकवलेली वाटी आणि वाटीत दुधासारखा चीक. केरळातून आलेल्या बागायतदारांनी ही लागवड इथे रुजवली. (त्यापायी किती जंगल गेलं, हा वेगळा आणि कडू विषय.) लांबच्या टूरला मोटरसायकलला कुठला टायर घालावा यावर जे वाद झडतात, त्यांचं मूळ या वाटीतच आहे. रबर मऊ ठेवलं तर पकड चांगली मिळते, पण टायर लवकर गोटा होतो. कडक ठेवलं तर वर्षानुवर्षं चालतो आणि ओल्या वळणावर दगा देतो.

नुसतं रबर उन्हात चिकटतं आणि थंडीत तडकतं. गंधक घालून तापवलं की ते टिकाऊ होतं, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं. हवा भरलेल्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच घेतलं होतं, पण कुणाला त्याची गरज वाटली नाही. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची नळी गुंडाळली, तेव्हा कुठे ती कल्पना धावायला लागली. सुरुवातीचे टायर पांढुरके असत. पुढे रबरात काजळी मिसळल्यावर ते काळे झाले आणि झीज कमी झाली. ओल्या रस्त्यावरची पकड मात्र खरी सुधारली ती सिलिकामुळे, म्हणजे वाळूच्याच जातीची बारीक पूड रबरात मिसळल्यामुळे. मिशेलिनने १९९२ मध्ये आधी मोटारींच्या टायरमध्ये ती आणली, मग ती दुचाकीच्या टायरमध्येही आली. कोकणात फिरणाऱ्याने या सगळ्या इतिहासातलं एकच काही लक्षात ठेवायचं तर ही सिलिका ठेवावी.

आपल्याकडे सिएट ही टायर कंपनी १९५८ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि तिचा कारखाना भांडुपला आला. भांडुपात अर्धं कोकण राहतं. म्हणजे चाकरमान्याचं घर आणि त्याच्या गाडीचा टायर एकाच उपनगरातले असणं अगदी शक्य होतं. त्या काळी निवड म्हणून काही नव्हतीच. बुलेटला पुढे-मागे ३.२५-१९ मापाचे (सव्वातीन इंच रुंद, १९ इंची चाकाचे) टायर, दुकानात ज्या कंपनीचे असतील त्या कंपनीचे. पुढे उभ्या रेघांचा 'लाइन' टायर, म्हणजे गाडी सरळ धरून ठेवते. मागे ठोकळ्यांचा 'बटन' टायर, म्हणजे चाक जमिनीला ढकलत राहतं. याच जोडीवर लोक कशेडी चढले, गगनबावडा उतरले, आणि त्याला ॲडव्हेंचर म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ते नाव आलं वाळवंटातून. १९७८ च्या डिसेंबरअखेरीस पॅरिसहून डाकारकडे पहिली रॅली निघाली. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर-८० जी/एस ही मोटरसायकल आणली. नावातली अक्षरं जर्मन, एक कच्च्या जमिनीसाठी आणि दुसरं रस्त्यासाठी. पुढचं चाक २१ इंची, कारण मोठं चाक खड्ड्यात कमी बसतं आणि दगडावरून सहज जातं. रॅलीला जायची ऐपत नसलेल्या पण तशी गाडी हवी असलेल्यांसाठी मग टायरचे मधले प्रकार निघाले. ऐंशी टक्के डांबर, वीस टक्के कच्चा रस्ता, किंवा अर्धं-अर्धं. आज आपली पोरंसुद्धा 'फिफ्टी-फिफ्टी घालू की एटी-ट्वेंटी' असं विचारतात ते इथूनच. या हिशोबात वाळू आहे, खडी आहे. शेवाळ कुठेच नाही.

२०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली. पुढे २१ इंची चाक, मागे १७ इंची. २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स आली, तिलाही पुढे २१ इंची चाक. दोन्हींना तारांचं रिम, म्हणून आत ट्यूब. तारा रिमच्या मधोमध भोकं पाडून बसवतात, तिथून हवा निसटते. ट्यूबशिवाय भागत नाही. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्येच आर-१०० जीएसच्या तारा रिमच्या कडेला नेऊन ही भानगड मिटवली होती. आपल्याकडे ते यायला पुष्कळ वर्षं गेली. फरक कळतो तो रस्त्यावर. ट्यूबलेसमध्ये खिळा उपटा, पट्टी खुपसा, हवा भरा, दहा मिनिटांत मोकळे. ट्यूब असेल तर चाक काढा, लिव्हरने टायर उचका, परातीतल्या पाण्यात बुडबुडे शोधा. आणि हे पंक्चरवाला सापडला तर. गणपतीच्या दिवसांत गुहागरच्या पट्ट्यात उघडं दुकान शोधून दाखवाच.

जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात परवान्याखाली आणली. परदेशी ॲडव्हेंचर टायर दुर्मिळ झाले, मिळाले तर भाव ऐकून माणूस गप्प. मग देशी कंपन्यांनी ही मापं मनावर घेतली, आणि खरं सांगायचं तर आपल्या कामाचं झालं.

कारण कोकणाची जमीन सहारासारखी नाही. चिरेखाणीच्या फाट्यावर ट्रकच्या चाकांना लागून आलेली तांबडी माती डांबरावर पसरते आणि पहिल्या सरीत तिचं लोणी होतं. ही माती बटनांच्या फटीत गच्च भरली की टायरचा लाडू होतो. मग बटनं कितीही खोल असोत, गुळगुळीत टायरसारखीच घसरतात. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उलट. कोरडा कातळ कानसीसारखा, मऊ बटनांच्या कडा खाऊन टाकतो. महामार्गावर मासळीच्या गाडीतून गळलेलं पाणी वळणावर तेलकट पट्टा सोडून जातं. तिथे रस्त्याला टेकलेलं रबर जास्त हवं, आणि बटन टायरचं तेच कमी असतं. म्हणून मी गेली काही वर्षं रस्त्याकडे झुकणारा, उथळ ठोकळ्यांचा आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचांचा टायर घालतो. दुकानात बाजूवरचे चार आकडे आधी वाचतो: १४२३ म्हणजे २०२३ च्या चौदाव्या आठवड्यातला. दोन-तीन पावसाळे गोदामात काढलेलं रबर कडक झालेलं असू शकतं, त्यावर सूट मिळाली तरी नको.

ही अक्कल मला तवसाळच्या जेट्टीवर आली. नवीकोरी खोल बटनं, टेचात फेरीबोटीवर चढत होतो. फळी लोखंडी, भरतीच्या पाण्याने ओली. पुढचं चाक चढलं, मागचं जागच्या जागी फिरलं आणि गाडी सामानासकट आडवी. मागून एक काकू लुनावर माशांची टोपली घेऊन आल्या, टायर पार झिजलेले, आणि सरळ वर गेल्या.