आणीबाणीतही तुरुंगाचं दार ठोठावता येतं

‘आणीबाणी लागली की मूलभूत हक्क संपले, कोर्टातही जाता येत नाही,’ हे आजही ठामपणे सांगितलं जातं. 1976 साली ते खरं होतं. खटल्याशिवाय डांबलेल्यांची दाद ऐकायला मुंबईच्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयं तयार होती, पण 28 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मतांनी तो रस्ता बंद केला. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. पुढे त्यांना डावलून सरन्यायाधीशपद कनिष्ठाला दिलं गेलं. त्यांनी राजीनामा दिला. हे नाव शाळेत शिकवायला हवं.

मात्र 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने चित्र बदललं. कलम 20, म्हणजे गुन्ह्यात दोषी ठरवण्याबाबतचं संरक्षण, आणि कलम 21, म्हणजे जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण, आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणी लावण्याचं कारणही गेलं. देशांतर्गत कारण म्हणून सशस्त्र बंडच लागतं. 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांनी तो जुना निकालही रद्द ठरवला.

त्यामुळे कुणाला बेकायदा डांबलं, तर नातेवाईक किंवा मित्रही कलम 226 खाली उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्याला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका करू शकतो. अटकेची वेळ आणि जागा लगेच लिहून ठेवा. 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केलं का, हे त्यावरूनच ठरतं.