पटलाच्या आतलं आत, बाहेरचं बाहेर

ठाण्यातल्या ज्या घरात सत्तरीपुढचं माणूस आहे, तिथे 'सोडियम कमी झालंय' हे वाक्य आता बीपी-शुगरइतकंच रुळलंय. त्याच रिपोर्टात खालच्या ओळीला पोटॅशियम असतं. ३.५ ते ५ मिलिमोल दर लिटरला, हे ठीक. कधीतरी तिथे ५.८ असा ठळक आकडा छापून येतो. घरचे हबकतात, डॉक्टर ईसीजी काढून बघतात आणि म्हणतात, "रक्त परत द्या, हे काही खरं वाटत नाही." दुसऱ्या दिवशी आकडा ४.४.

लॅबला नावं ठेवून विषय मिटतो. पण नळीत नेमकं काय झालं, हे बघण्यासारखं आहे.

रक्तातल्या पातळ द्रवात दर लिटरला चार-साडेचार मिलिमोल पोटॅशियम असतं, तर तांबड्या पेशीच्या आत शंभरच्या आसपास. सोडियमचं उलट: बाहेर १४०, आत जेमतेम दहा-पंधरा. रक्त ओढताना सुई नीट बसली नाही किंवा नळी जोरात हलवली की पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं. अशा वेळी सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणारा पातळ द्रव, लालसर दिसतं आणि तंत्रज्ञ रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा मारतो. खरा फसवा प्रकार दुसरा. सकाळी घोडबंदर रोडवर घरी येऊन घेतलेलं रक्त तसंच बर्फाच्या पेटीत गेलं आणि ट्रॅफिकमधून नवी मुंबईच्या लॅबला पोचायला दुपार झाली, तर एकही पेशी न फुटता पोटॅशियम वाढतं. सीरम स्वच्छ पिवळसर, शंका घ्यायला जागाच नाही. म्हणून चांगली लॅब आधी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळं करते आणि मगच ते थंड करते.

थंडीत बंद पडतो तो पेशीपटलातला पंप. पटल म्हणजे मेदरेणूंचा दुपदरी थर, जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. सोडियम-पोटॅशियमचे आयन विद्युतभारित. त्यांना मधल्या तेलकट भागातून सहसा जाता येत नाही. पण पटलात प्रथिनांच्या वाहिन्या असतात, त्यांतून ते झिरपत राहतात. कोळ्याच्या जुन्या होडीत फटींतून पाणी येतच असतं आणि कुणीतरी बसून ते उपसत असतं. होडी तरंगते ती उपशाच्या जोरावर. पेशीचंही तसंच. हा पंप एका फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. आपण नुसते पडून असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा या एकाच कामावर जातो. या उपशामुळेच पोटॅशियम आत साठलेलं राहतं, आणि ते बाहेर झिरपू पाहतं म्हणून चेतापेशीच्या पटलावर ७० मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकतो. आकडा किरकोळ वाटतो, पण ५ नॅनोमीटरच्या जाडीवर म्हणजे मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट झाले.

हा पंप सापडला खेकड्याच्या पायात. डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठात येन्स स्कू यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायातल्या चेता कुटून त्यांतल्या पटलांचे तुकडे वेगळे काढले. एटीपी तोडणारं तिथलं एक विकर सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असले तरच जोमाने काम करतं, हे त्यांच्या लक्षात आलं. ते १९५७ मध्ये प्रसिद्ध झालं. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. खाडीकाठच्या बाजारात नांग्या सुतळीने बांधून ठेवलेली चिंबोरी ही वेगळी जात, पण तिच्या पायातही हाच पंप असतो. आपल्यातही तोच.

तो अडवणारं विषही जवळच आहे. रस्त्यांच्या दुभाजकांवर लावलेली कण्हेर आणि पिवळ्या फुलांची बिट्टी या दोन्ही झाडांतली ग्लायकोसाइड्स नेमकी याच पंपाला बाहेरून चिकटतात. बिट्टीची बी पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. त्याच प्रकारचं रसायन असलेलं डिजॉक्सिन मात्र औषध आहे: पंप थोडासा मंदावला की पेशीत सोडियम वाढतं, त्यामुळे कॅल्शियम बाहेर टाकणं रोडावतं, आणि थकलेलं हृदय जरा जोर लावून आकुंचन पावतं. पंपावरच्या जागेसाठी पोटॅशियम आणि डिजॉक्सिन यांच्यात चढाओढ असते. रक्तातलं पोटॅशियम उतरलं की डिजॉक्सिन जास्त घट्ट बसतं. म्हणून हे औषध चालू असलेल्या आजोबांचं पोटॅशियम डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासतात.

इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. मला जास्त ओढ आहे ती पुढच्या भागाची. पटल ज्या मेदरेणूंचं बनलंय, त्यांचीही आत-बाहेर अशी वाटणी असते. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा मेदरेणू निरोगी पेशीत जवळजवळ सगळाच आतल्या पदरात असतो. मेदरेणू आपल्या पदरात भराभर सरकतात, पण एका पदरातून दुसऱ्यात आपोआप उलटायला त्यांना तास, कधी दिवस लागतात. तेवढ्या संथ गतीनेही वाटणी केव्हातरी बिघडणारच. ती सांभाळायला एटीपी खर्चून या रेणूला आत ओढणारं यंत्र तांबड्या पेशीत असल्याचा पुरावा १९८४ मध्ये मिळाला. त्या यंत्राला फ्लिपेज म्हणतात, आणि ते स्कूंच्या पंपाचं चुलत भावंड निघालं. एकच घराणं, एटीपीकडून फॉस्फेट घेऊन आकार बदलण्याची एकच रीत. फरक मालाचा. सोडियमचं अणुभारमान २३, या मेदरेणूचं रेणुभारमान आठशेच्या घरात. मग एवढा ऐवज त्याच घडणीच्या यंत्रातून जातो कसा? जातं फक्त रेणूचं डोकं, प्रथिनाच्या खाचेतून. लांब शेपट्या तेलातच राहून मागोमाग वळतात.

ही वाटणी मोडण्याचीही सोय शरीराने ठेवली आहे. जखम झाली की रक्तबिंबिकांमध्ये (प्लेटलेट्समध्ये) कॅल्शियम शिरतं, टीएमईएम१६एफ नावाचं प्रथिन जागं होतं आणि दोन्ही पदरांतले मेदरेणू एकमेकांत मिसळून टाकतं. फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर येतं आणि त्याच्यावर रक्त गोठवणारे घटक जमतात. जपानी संशोधकांनी २०१० मध्ये ही भूमिका दाखवली. स्कॉट सिंड्रोम या दुर्मीळ आजारात हेच प्रथिन बिघडलेलं असतं: बिंबिकांची संख्या नॉर्मल, तरी रक्तस्राव आवरत नाही. गंमत म्हणजे या प्रथिनातून आयनही जातात, आणि त्याचं भावंड टीएमईएम१६ए तर क्लोराइडची वाहिनी आहे, मेदरेणूंना ते हात लावत नाही.

आयन आणि मेद या दोन्ही वाटण्या एकदम विस्कटतात तो आजार आपल्याच जिल्ह्यात आहे. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल नवा नाही. ऑक्सिजन उतरला की या आजारात तांबड्या पेशीतलं सदोष हिमोग्लोबिन एकमेकांना जोडून काड्यांसारखं ताठ होतं, पटल आतून ताणतं आणि पेशी वाकडी होते. कॅल्शियम आत शिरतं. त्याने पटलातली गार्डोस नावाची पोटॅशियमची वाहिनी उघडते, पोटॅशियम बाहेर पळतं, मागोमाग क्लोराइड आणि पाणी. पेशी आटते, आतलं हिमोग्लोबिन दाट होतं, आणि दाटपणा थोडा वाढला तरी काड्या कितीतरी लवकर बनतात. दुसरीकडे फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर येऊन पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू लागते.

गार्डोस वाहिनीच बंद केली तर? सेनिकापॉक या औषधाने ते करून पाहिलं गेलं. पेशी कमी फुटल्या, हिमोग्लोबिन वाढलं, पण रुग्णांना छळणाऱ्या वेदनेच्या झटक्यांची संख्या काही कमी झाली नाही, आणि मोठी चाचणी मधेच थांबवावी लागली. हा निकाल मला फार बोलका वाटतो. रक्ताच्या रिपोर्टात सुधारणा दिसली म्हणजे दुखणं हटलं असं नसतं. गळती एका वाटेने अडवली तरी चिकटपणा, सूज, अडकणं हे आपापल्या वाटेने चालूच राहतं.

पेशी आटू नयेत म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला पाणी भरपूर प्यायला सांगतात, आणि इथे मूत्रपिंडाची आणखी एक अडचण आहे. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात क्षार दाट आणि ऑक्सिजन कमी, म्हणजे पेशी वाकडी व्हायला अगदी अनुकूल जागा. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या लहानपणीच खराब होतात आणि लघवी घट्ट करून पाणी राखण्याची ताकद जाते. अशा मुलाला सारखी लघवीला होते, रात्री अंथरूण ओलं होतं, आणि भर उन्हात वीटभट्टीवर आईबापांबरोबर असताना त्याचं पाणी इतरांपेक्षा लवकर संपतं. आश्रमशाळेत असं मूल तासाला दोनदा पाण्याला आणि बाहेर जायला हात वर करत असेल, तर त्याला जाऊ द्यायला हवं; अडवलं तर त्याच्या पेशी आटतात.