जलूदचे पंप आणि इंदूरचे ग्रीन बाँड

गिरण्या बंद पडल्या तसा इंदूरवरचा कोळशाचा धूर गेला. कोळसा गेला नाही. तो सारणी आणि सिंगाजीच्या औष्णिक वीजकेंद्रांत जळत राहिला, शहरात फक्त वीज येऊ लागली. पालिकेपुरतं बोलायचं तर त्या विजेचं मोठं गिऱ्हाईक ठरलं नर्मदेचं पाणी.

1970 मध्ये शहराला नर्मदेचं पाणी मिळावं म्हणून झालेल्या आंदोलनानंतर नर्मदा आणायचं ठरलं, 1978 मध्ये ती आली. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, विंध्याचा घाट चढून. नदी आणि शहर यांच्या उंचीतच जवळपास 400 मीटरचा फरक. तेवढ्या उंचीवर हजार लिटर पाणी चढवायला शुद्ध गणितानं एक युनिटहून जास्त वीज लागते. पंप, मोटार आणि पाइपातलं घर्षण धरलं की साधारण दीड. पण पाण्यासाठी वणवण चालली असताना वीजबिल कोण बघतो!

सौर वीज तेव्हा परवडतही नव्हती. 2017 मध्ये मध्य प्रदेशातल्याच रीव्याच्या सौर प्रकल्पाच्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला 2.97 रुपयांवर आला आणि पालिकांनाही धीर आला. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूरनं 244 कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, विक्रीला काढले. सामान्य गुंतवणूकदारांना खुले असे हे देशातल्या पालिकेचे पहिलेच. मागणी मूळ 122 कोटींच्या पाचपटीहून अधिक आली. पैसा जलूदच्या 60 मेगावॉट सौर प्रकल्पासाठी.

वाद इथंच आहे. ऊन दिवसा, पंप रात्रंदिवस. म्हणजे दुपारची जादा वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री ग्रिडकडूनच घ्यायची. बिल उतरतं, रात्रीचा कोळसा जळतोच. समर्थक म्हणतात, मेगावॉटला वर्षाकाठी 15 लाख युनिट धरले तरी 60 मेगावॉटचे 9 कोटी युनिट होतात. शिवाय बाँड 3, 5, 7 आणि 9 वर्षांत फिटतील, पॅनेल पंचवीसेक वर्षं चालतील. हिशेब बरोबर आहे. पण घाट चढून आलेलं पाणी गल्लीतल्या फुटक्या लाइनीतून गटारात गेलं, की हजार लिटरमागे ते दीड युनिटही गेलं. गळती आधी बुजवली असती तर तेवढे पॅनेल कमी लागले असते, असं आमचं मत. गळती काढण्याच्या कामाला फीत कापायची सोय नसते, एवढंच.

बहुतेक घरांना पाण्याचा महिन्याचा ठरावीक आकार आहे. नळ आला की टुल्लू पंप लागतात, टाकी भरून वाहू लागली तरी कुणी उठत नाही.