इसाबेल (स्त्रीनाम)

इसाबेल हे स्पेनमध्ये आणि स्पॅनिशभाषक लॅटिन अमेरिकेत शतकानुशतके रुळलेले स्त्रीनाम. इंग्रजी एलिझाबेथ आणि इसाबेल ही मुळात एकच. दोन्ही 'एलिशेबा' या हिब्रू नावावरून आली. बायबलच्या 'निर्गम' ग्रंथात अहरोनाच्या पत्नीचे हे नाव आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या आईचेही हेच. मराठी बायबलात ती अलीशिबा.

'एल' म्हणजे देव. उत्तरार्धाचा अर्थ सहसा शपथ असा लावतात, म्हणून 'देव हीच माझी शपथ'. पण हिब्रूत शपथ आणि सात हा आकडा यांची धातुरूपे सारखीच; सात ही पूर्णत्वाची संख्या धरून 'देव म्हणजे परिपूर्णता' असाही अर्थ काही जण देतात. 'सुंदरी' हा लोकप्रिय अर्थ मात्र शेवटच्या 'बेल'वरून मागाहून चिकटवलेला. बायबलातील इस्राएलचा राजा अहाब याची राणी ईजबेल हिच्याशीही या नावाचा संबंध नाही.

ग्रीक-लॅटिनमधल्या 'एलिसाबेत'चे मध्ययुगात इसाबेल झाले. सुरुवातीचा 'एल' लोकांनी स्पॅनिश उपपद (इंग्रजी 'द'सारखे) समजून गाळला आणि शब्दान्तीचा 'त' स्पॅनिश जिभेला परका म्हणून त्याचा 'ल' झाला, असे सांगतात. 'एल' हे तर पुल्लिंगी उपपद. बाईच्या नावाआधी ते कुणाला कसे ऐकू आले, हा प्रश्न उरतोच.

नावाला वजन आले ते स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याची राणी पहिली इसाबेल (१४५१–१५०४) हिच्यामुळे. हिब्रू मुळाचे नाव लावणाऱ्या याच राणीने पती फर्नांदोसह ३१ मार्च १४९२ रोजी फर्मान काढले : ज्यूंनी ख्रिस्ती व्हावे, नाहीतर राज्य सोडावे. कोलंबसाने १४९४ मध्ये आजच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्यावर वसवलेल्या वसाहतीला तिच्यावरूनच ला इसाबेला म्हटले. स्पॅनिशमध्ये इंग्लंडच्या एलिझाबेथ राण्याही इसाबेलच होतात. त्यामुळे 'दुसरी इसाबेल' म्हटले की १८३३ ते १८६८ स्पेनच्या गादीवर असलेली राणी की ब्रिटनची, हे संदर्भावरूनच कळते.

पोर्तुगालमध्ये संत इसाबेल (१२७१–१३३६) पूज्य आहे. पोर्तुगीज उच्चार इझाबेल. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाव आले ते याच वाटेने. लाडाने इसा, बेला, मेक्सिकोकडे चाबेला. गायिका चाबेला व्हार्गास हिचे जन्मनाव इसाबेलच.