लंडनने नाकारलेला लिंकन

मँचेस्टरमधला ब्राँझचा लिंकन मुळात मँचेस्टरसाठी नव्हताच. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या शंभर वर्षांच्या शांततेची खूण म्हणून तो लंडनला, पार्लमेंटसमोर उभा राहायचा होता.

घोडं अडलं ते रूपावर. जॉर्ज ग्रे बार्नार्ड या शिल्पकाराचा मूळ पुतळा १९१७ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात बसला. त्यात राष्ट्राध्यक्षाचा रुबाब औषधालाही नाही. दाढी नाही, कोट चुरगळलेला, पाय शेतकऱ्यासारखे थोराड आणि दोन्ही हात पोटावर एकावर एक ठेवलेले. हे हातच भोवले. ‘पोटात कळ आलेला लिंकन’ म्हणून त्याची टर उडाली. लिंकनच्या थोरल्या मुलाला तर तो बापाचा अपमानच वाटला. त्याची प्रतिकृती लंडनला जाऊ नये म्हणून त्याने माजी राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांना पत्र लिहिलं. टॅफ्ट यांच्या भावानेच मूळ पुतळ्याचा खर्च उचलला होता, हे विशेष. मुलाला आठवत होता तो प्रतिष्ठित वकील. शिल्पकाराने घडवला लाकडं फोडून वर आलेला गडी. दोघांतला खरा कोण, हे ठरवायचा हक्क केवळ मुलाचा का असावा?

शेवटी लंडनला गेली ती शिकागोतल्या १८८७ च्या पुतळ्याची नक्कल: मागे खुर्ची, पुढे भाषणाला उभा राहिलेला नेता. १९२० साली ती बसली. त्याआधीच, १९१९ मध्ये, नाकारलेला लिंकन मँचेस्टरच्या प्लॅट फील्ड्स बागेत उभा राहिला होता.

मँचेस्टरचा हक्क कापसाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस थांबला, मँचेस्टरकडच्या गिरण्या बंद पडल्या. पर्याय म्हणून आलेल्या ‘सुरती’ कापसाचा धागा आखूड, सारखा तुटायचा. कामगार त्याच्या नावाने बोटं मोडत. मँचेस्टरभोवतीचा गिरण्यांचा परगणा, लँकेशायर, सगळाच काही लिंकनच्या म्हणजे उत्तरेच्या बाजूचा नव्हता. तरी ३१ डिसेंबर १८६२ च्या सभेत मँचेस्टरच्या कामगारांनी लिंकनला पाठिंबा दिला आणि १९ जानेवारी १८६३ रोजी त्याने आभाराचं पत्र लिहिलं.

१९८६ मध्ये पुतळा बागेतून शहराच्या मध्यभागी, आजच्या लिंकन चौकात आला. त्याच सुमारास चौथऱ्यावर कोरलेल्या त्या पत्राच्या मजकुरातले ‘कामकरी पुरुष’ बदलून ‘कामकरी लोक’ झाले. मराठीत नुसतं ‘कामगार’ लिहून भागलं असतं. इंग्रजीतल्या ‘वर्किंग मेन’ला ती सोय नाही. गिरण्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या, उपास त्यांनीही काढले, म्हणून हेतू रास्तच. पण पत्र लिंकनचं आणि १८६३ चं म्हणून कोरायचं, तर शब्द नंतरच्यांचा कसा?