गाडी पोत्यात भरून आणण्याआधी हे वाचा
(जुनी जावा-येझदी मोटरसायकल घरी दुरुस्त करून उभी करायला घेतलेल्यांसाठी)

आमच्या गॅरेजात गाडी तीन प्रकारे येते. चालत येते, टेम्पोतून येते आणि पोत्यातून येते. पहिल्या दोन प्रकारांबद्दल तक्रार नाही. हे पत्रक तिसऱ्या प्रकारासाठी आहे.

पोत्यातली गाडी म्हणजे काय, हे आणणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. आजोबांची किंवा काकांची येझदी गोठ्याच्या कडेला वीस वर्षं उभी असते. एक दिवस उत्साह येतो. शनिवारी दुपारी पाने घेऊन बसलं की रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी पूर्ण खोलून होते. खोलायला दोन दिवस पुरतात, कारण खोलताना काही ठरवावं लागत नाही. मग सगळे नट-बोल्ट एका बादलीत, मडगार्ड माळ्यावर, वायरिंगचं भेंडोळं पिशवीत. सहा महिने जातात. घरात कुणीतरी ‘हे भंगारात तरी द्या’ म्हणतं आणि मग पोती आमच्या दारात येतात. सोबत प्रश्न एकच: ‘सगळं आहे बघा यात, फक्त जोडायचं आहे. किती दिवस लागतील?’

सगळं कधीच नसतं. मागच्या पावसाळ्यात एक गाडी तीन पोती आणि एका रंगाच्या डब्यातून आली. निवडून लावायलाच आमच्या पोराचे चार दिवस गेले. त्यात हँडलखालचे छर्रे अर्धेच निघाले, किकची स्प्रिंग नव्हती, आणि नट-बोल्टांतले बरेच गाडीचे नव्हतेच. मालकांच्या पाण्याच्या मोटरचे होते.

खोलण्याआधीचा एक तास

आमचं सांगणं एवढंच आहे: गाडी खोला, जरूर खोला, पण पहिला पाना लावण्याआधी एक तास द्या. मोबाईलवर फोटो काढा. लांबून चार आणि जवळून निदान पन्नास. केबल कुठून कुठे गेली, हेडलाइटच्या वाटीत कुठल्या वायरीला कुठली जोडली, मडगार्डच्या बोल्टला वायसर आतून आहे की बाहेरून. चुकीचं जोडलेलं दिसलं तरी फोटो काढा. आधीच्या मिस्त्रीने काय जुगाड केला होता ते कळलं तर आमचं काम निम्मं होतं.

वायर सुटी करताना दोन्ही टोकांना कागदी टेप लावून त्यावर एकच आकडा लिहा. रंगावर भरवसा ठेवू नका. चाळीस वर्षांत लाल, तपकिरी आणि काळा हे तिन्ही रंग एकच होतात.

आता बोल्ट. सगळ्यात सोपी युक्ती अशी, की भाग काढला की त्याचे बोल्ट परत त्याच भोकांत दोन आटे फिरवून ठेवायचे. जिथे ते जमत नाही तिथे, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या कव्हरला, एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार पेनने काढा आणि ज्या जागेचा बोल्ट त्या जागी पुठ्ठ्यात खोचा. हे पोरखेळ वाटेल. पण त्या कव्हरचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. आखूड जागी लांब बोल्ट गेला की तो तळाला टेकतो, तरी पाना फिरतोच आहे म्हणून माणूस आवळत राहतो आणि ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात, नाहीतर केसिंगला चीर जाते. एका बोल्टाच्या गोंधळापायी वेल्डिंग, लेथ आणि पुन्हा आटे पाडणं, एवढी वरात निघते. आम्ही तिचे पैसे घेतो तेव्हा लोकांना ते जास्त वाटतात, म्हणून आधीच सांगतो.

हँडलखालच्या कपात छर्रे सुटे असतात. समोरचा फोर्क खाली ओढण्याआधी खाली जुनी चादर पसरा. नाहीतर ते फरशीवरून कपाटाखाली जातात आणि दिवाळीच्या सफाईत सापडतात.

कुठे थांबायचं

‘मग घरी करू तरी काय?’ हा पुढचा प्रश्न. बरंच काही. चाकं, ब्रेक, केबली, कार्ब्युरेटर धुणं, पॉइंट (प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारे उघडझाप करणारे संपर्क) घासून ०.४ मिलिमीटरचा गॅप लावणं, दिवे, रबर, सीट, टाकी साफ करणं, हे सगळं घरी होतं आणि घरीच व्हावं. त्यात मजा आहे आणि आम्हाला त्यात फारसे पैसेही सुटत नाहीत.

हेड आणि सिलिंडरही काढा. पिस्टन जाम असेल तर किकवर उभं राहू नका. किकचे आतले दात जातात. प्लगच्या भोकातून डिझेल ओता, चार-सहा दिवस मुरू द्या, मग तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने हळू मागेपुढे करून बघा.

सिलिंडर निघाला की मात्र हात आवरा. खालचं इंजिन, म्हणजे क्रँक (पिस्टनच्या ढकलण्याने फिरणारा दांडा), बेअरिंग, गिअरबॉक्स आणि ऑइल सील (ऑइल अडवणारी रबरी कडी), हे दोन फाकांत उघडतं. केसिंग तापवून ती सरळ वेगळी करावी लागतात. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून ठोकलं की जोडाच्या पृष्ठभागावर खाचा पडतात. मग कितीही पॅकिंग लावा, तिथून हवा ओढणारच. जुन्या जावा-येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस (क्रँकभोवतीची बंद पेटी) हा पंपच असतो. त्याला हवा लागली की गाडी ओढत नाही, तापते, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन भरारत राहतं. उजवीकडचा डायनॅमोचा आतला भागही हातोडीने काढू नका. मधला बोल्ट काढून त्या जागी बरोबर मापाचा काढायचा बोल्ट आवळला की तो आपोआप क्रँकच्या निमुळत्या टोकावरून सुटतो. हातोडी मारली तर क्रँक सरळ राहत नाही, आणि दाबून बसवलेली क्रँक पुन्हा सरळ करणं हे प्रत्येक लेथवाल्याचं काम नाही. आमच्या उद्यमनगरात लेथ गल्लोगल्ली आहेत, ऑइल इंजिनांवर हात बसलेली माणसं आहेत, तरी क्रँक आम्ही ठरलेल्या एकाच ठिकाणी देतो.

धूर मारते म्हणून बोअर

हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो. ‘पांढरा धूर फार येतो, बोअर केला (म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा केला), पिस्टन टाकला, तरी धूर तसाच.’ तसाच राहणार, कारण धूर बोअरमुळे नव्हताच. डाव्या बाजूला क्रँक आणि प्रायमरी चेनच्या (इंजिनची ताकद क्लचकडे नेणाऱ्या चेनच्या) मध्ये एक ऑइल सील असतं. ते कडक झालं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढून जाळतं. ओळखायची खूण अशी, की खाली जमिनीवर एक थेंब नाही आणि तरी गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत जातं. असं असेल तर बोअरचा खर्च करू नका, सीलबद्दल विचारायला या. सील स्वस्त आहे, बसवायची मेहनत महाग आहे. हे आम्ही तोंडावर सांगतो, म्हणून काही जण आमच्यावर नाराज असतात.

बोअर खरंच लागत असेल तर आधी पिस्टन घ्या, मग बोअर करा. २५० सीसीच्या जावा-येझदीचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर. पिस्टन त्याच्या पुढे पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतात, पण बाजारात प्रत्येक साइझ दर वेळी मिळेलच असं नाही. शिवाय दोन कंपन्यांच्या एकाच आकड्याच्या पिस्टनांत फरक असतो. बोअर पिस्टन मोजून त्याच्यासाठी करायचा असतो, डब्यावरचा आकडा वाचून नाही. बसवताना रिंगांची तोंडं पिस्टनमधल्या पिनांवर आली आहेत ना ते दोनदा बघा. पिस्टनवरचा बाण पुढे, सायलेन्सरच्या बाजूला.

नव्या बोअरला पेट्रोलच्या लिटरमागे ४० मिली टू-टी ऑइल मिसळा. अंदाजाने ‘एक झाकण’ घालू नका. झाकणं वेगवेगळ्या मापाची असतात.

रंग शेवटी

रंगाची घाई सगळ्यांना असते, कारण रंग दिसतो. पण आधी कच्ची जुळणी करा. सगळे पत्रे, टाकी, सीट, मडगार्ड एकदा बिनरंगाचे बसवून बघा. बाजारात मिळणारं नवं मडगार्ड क्वचितच पहिल्या फेरीत भोकावर भोक बसतं. ते रंगवल्यावर कळलं तर ड्रिल आणि ग्राइंडर नव्या रंगावर चालवावा लागतो.

चेसिस सँडब्लास्ट किंवा पावडर कोटिंगला देताना ठोकलेल्या नंबरावर टेप लावलीच पाहिजे, असं कोटिंगवाल्याला लिहून द्या. आरटीओत नंबर वाचता आला नाही तर पुढे जो त्रास होतो तो इंजिनापेक्षा मोठा असतो. आणि अर्थिंगच्या (वीज चेसिसमधून परत जाण्याच्या) जागा घासून उघड्या ठेवा. पावडरच्या थरावर अर्थिंग लागत नाही, आणि मग दिवे मंद म्हणून वायरिंग बदलायला निघतात. अनेक जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. त्यात १२ व्होल्टचा बल्ब टाकला तर तो पिवळा-मंदच दिसणार. डायनॅमोचा त्यात दोष नाही.

कागदपत्रं

पार्टवर पैसे घालण्याआधी आरसी बघा. नावावर नसेल तर आधी ते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि फार बदल न केलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. नव्या नोंदणीची फी २० हजार आहे. पण मग ती गाडी रोज कामावर न्यायची नाही, हेही त्या नियमात आहे. म्हणजे १९७०ची जावा बसते, १९८५ची येझदी रोडकिंग अजून बसत नाही. तिला नेहमीसारखी पाच-पाच वर्षांची फेरनोंदणी. रोज फिरवायची असेल तर व्हिंटेजच्या मागे लागू नका, असं आमचं मत.

वारंवार विचारलं जाणारं, थोडक्यात

नव्या जावाचे पार्ट बसतात का? नाही. २०१८मध्ये आलेली जावा फोर-स्ट्रोक आहे, पाण्याने थंड होणारी. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने बनवलेल्या जुन्या गाडीशी तिचं नातं फक्त नावाचं आणि दिसण्याचं. म्हैसूरचा कारखाना १९९६मध्ये बंद झाला. त्यामुळे ‘कंपनीचा ओरिजिनल’ म्हणून चकचकीत डब्यात जे मिळतं त्याकडे जरा डोळसपणे बघा. तुमचा जुना, झिजलेला पार्ट टाकून देऊ नका. पुष्कळदा तोच दुरुस्त करून लावलेला जास्त टिकतो. आमच्याकडे काढलेला प्रत्येक जुना पार्ट आम्ही परत देतो, मागितला नाही तरी.

क्लच न दाबता गिअर पडतो, हा बिघाड आहे का? नाही, जावात गिअरचा पाय दाबला की क्लच आपोआप सुटतो. तशीच बनवली आहे. मात्र खडखडून पडत असेल तर सेटिंग गेलं आहे.

टाकी ॲसिडने धुऊ का? गंज फार नसेल तर नको. मूठभर जुने नट आणि सायकलच्या चेनचे तुकडे टाकून, थोडं डिझेल घालून हलवा. ॲसिड वापरलंच तर सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त गंज. भोक पडलं असेल तर पेट्रोल राहिलेली टाकी वेल्डरकडे अजिबात नेऊ नका. कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांच्या टाक्या खालून बोटाने दाबून बघा, खाऱ्या हवेत पत्रा आतून गेलेला असतो.

हल्लीच्या पेट्रोलचं काय? इथेनॉलमुळे जुने रबर आणि नळ्या फुगतात, आणि ते पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा.

आमची पद्धत

फोनवर आम्ही दर सांगत नाही. आवाज ऐकवला तरी सांगत नाही. इंजिन उघडून, मोजून, मग लेखी अंदाज देतो. तो मान्य नसेल तर उघडण्याचे तेवढे पैसे देऊन गाडी घेऊन जा, राग नाही. तारीखही देत नाही, कारण पार्ट कधी मिळेल ते आमच्या हातात नसतं. तारीख देणारे आहेत, त्यांच्याकडे अर्धवट राहिलेल्या गाड्याही आमच्याकडे येतात.

पोत्यातल्या गाडीला निवडण्याचे पैसे तासावर वेगळे लागतात. दर काउंटरमागे लिहून लावला आहे. तुम्ही पुठ्ठ्यात खोचलेले बोल्ट, आकडे लावलेल्या वायरी आणि फोटो आणलेत तर ते पैसे लागत नाहीत, आणि त्या गाडीला आम्ही रांगेत पुढेही घेतो.

आणखी एक सोय आहे. घरी काम करणाऱ्यांसाठी डायनॅमो काढायचा बोल्ट, क्लचचा पुलर आणि पिस्टन पिन काढायचं हत्यार आम्ही अनामत घेऊन चार दिवसांसाठी देतो. सोबत कसं वापरायचं ते दाखवतो. हातोडीपेक्षा स्वस्त पडतं.

सोमवारी बंद. येताना आरसीची प्रत आणा, आणि फोटो असलेला मोबाईल चार्ज करून आणा.